विश्लेषण : चाळीस वर्षांचा संसार आणि रोजची कुरबुर… म्हातारपणी जोडपी नेमकी कशावरून भांडतात?

सकाळचे साडेसात. चहा झालेला, पेपरची पाने दोघांत वाटली गेलेली. ‘अहो, गिझर बंद केलात का?’ उत्तर नाही. ‘अहो, ऐकलंत का?’ ‘ऐकलं. केव्हाच केलाय.’ ‘मग हो म्हणायला काय झालं?’ ‘तू विचारतेस तितक्या वेळा हो म्हणायचं तर दुसरं काम करायला नको मला.’ ‘दुसरं काम आहेच कुठलं तुम्हाला?’ पाच मिनिटांत गिझर बाजूला पडतो आणि १९८९ साली धाकट्या वन्सांच्या लग्नात कोण काय बोलले होते, तिथवर गाडी जाते. साडेआठ वाजता तोच माणूस तिच्या गुडघ्याला लावायचे तेल कोमट करून आणतो आणि तीही काही न बोलता पाय पुढे करते.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरातल्या, कुठल्याही मजल्यावरचे हे दृश्य. परगावी असलेला मुलगा फोनवर वैतागून विचारतो, ‘तुम्ही दोघं सारखे भांडता का?’ त्यावर दोघे एकाच वेळी म्हणतात, ‘कुठे भांडतोय?’ गंमत म्हणजे दोघेही खोटे बोलत नसतात. पण प्रत्येक घरातली कुरबुर इतकी निरुपद्रवी असतेच असे नाही. लाडीक तक्रार कोणती, थकव्याची कोणती आणि काळजी करावी अशी कोणती, हे ओळखायला मानसशास्त्रातल्या काही दशकांच्या अभ्यासाची चांगली मदत होते.

तीच ती भांडणे वर्षानुवर्षे का चालतात?

अमेरिकेतील सिएटल येथील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, त्यांच्या मतभेदांवर बोलायला लावून, त्याचे चित्रीकरण वर्षानुवर्षे अभ्यासले. त्यांचा एक आकडा प्रसिद्ध आहे. जोडप्यांमधील सुमारे ६९ टक्के वाद हे कधीच न सुटणारे असतात. काही वर्षांनी त्याच जोडप्यांना पुन्हा बोलावले, तेव्हा ती त्याच विषयांवर जवळपास त्याच शब्दांत वाद घालत होती.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर गाडी साडेनऊची असेल तर एकाला साडेआठलाच फलाटावर बॅगा मांडून बसायचे असते आणि दुसऱ्याला नऊ वाजता आठवते की गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायचे राहिले. एकाला जुनी वायर, रिकामी बाटली, बंद पडलेले घड्याळ ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवायचे असते, दुसऱ्याला ते भंगारवाल्याला द्यायचे असते. हा स्वभावाचा फरक आहे, त्यावर तोडगा नसतो. चाळीस वर्षे टिकलेल्या जोडप्यांनी हे वाद सोडवलेले नसतात. त्यांनी ते घरातल्या जुन्या कपाटासारखे सामावून घेतलेले असतात. दार कुठे अडकते ते माहीत असते, कुठे ढकलायचे तेही.

गॉटमन यांच्या अभ्यासात नाते मोडण्याची खूण भांडणाची संख्या ही नव्हती. ती होती तुच्छता. डोळे फिरवणे, चारचौघांत हिणवणे, ‘तुला काय कळतंय’ हा सूर. ‘किती वेळा सांगायचं तुम्हाला’ ही तक्रार झाली. ‘तुमच्याकडून अपेक्षाच नाही कसली’ ही तुच्छता. दोन्ही वाक्ये आवाजाच्या एकाच पट्टीत बोलता येतात, म्हणून शेजाऱ्यांना फरक कळत नाही.

वयाबरोबर भांडण वाढते की कमी होते?

बहुतेकांचा अंदाज वाढते असा असेल. अभ्यास उलटे सांगतो. बर्कलेचे रॉबर्ट लेव्हन्सन, स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टनसन आणि गॉटमन यांनी १९९३ साली १५६ जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चाळिशीतली आणि साठीतली अशी दीर्घकाळ विवाहित जोडपी होती. साठीतल्या जोडप्यांत वादाचे विषय कमी आणि आनंदाचे विषय जास्त निघाले. मुलांवरून होणारे मतभेद वयाबरोबर ओसरतात आणि तीच मुले पुढे दोघांच्या समाधानाचा विषय होतात, असे त्यात दिसले. लेव्हन्सन यांच्याच गटाने पुढे ८७ जोडप्यांच्या १३ वर्षांतल्या संभाषणांची तुलना केली. वय वाढत गेले तसा विनोद आणि आपुलकी वाढली, आरोप-प्रत्यारोप कमी झाले.

याचे कार्स्टनसन यांनी दिलेले कारण पटण्यासारखे आहे. पुढचा काळ थोडा आहे याची जाणीव झाली की माणूस नव्या ओळखींच्या मागे लागत नाही, जवळच्या चार माणसांत रमतो आणि लहानसहान गोष्टी सोडून देतो.

मात्र हे निष्कर्ष वाचताना एक मीठाचा खडा हवा. ही जोडपी अमेरिकेतली आहेत आणि जी वेगळी झाली ती या मोजणीत नाहीत. आपल्याकडे आज सत्तरीत असलेल्या पिढीला लग्न मोडणे हा पर्यायच माहीत नव्हता. तेव्हा ‘टिकलेला संसार’ आणि ‘सुखाचा संसार’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरताना आपण जरा सढळ असतो.

मग निवृत्तीनंतरच घरात ठिणग्या का उडतात?

महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८, केंद्राचे ६०. मुंबईत लोकलने जाणारा नोकरदार दिवसाचे दहा-बारा तास घराबाहेर असायचा. तो डबा घेऊन बाहेर पडल्यावर घर तिच्या ताब्यात यायचे. धुणे, भांडी, दुपारची तासभर झोप, शेजारणीशी गप्पा, चारची मालिका. या वेळापत्रकाला तीस वर्षांची शिस्त असते. निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेऊन साहेब घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारतात, ‘गॅस एवढा मोठा कशाला?’

ऑफिस सुटते, पण ऑफिसची सवय सुटत नाही. महिन्याभरात डब्यांवर लेबले चिकटतात. ‘तूरडाळ’, ‘मूगडाळ’, खाली तारीख. दुधाचा हिशोब वहीत येतो. कामवालीच्या खाड्यांची नोंद होते. बाईंनी चाळीस वर्षे न लिहिता चालवलेल्या कारभाराचे लेखापरीक्षण सुरू होते. यात दुष्टावा नसतो. ज्याच्या सहीशिवाय फाइल हलत नव्हती, त्याला आता काहीच विचारले जात नाही. त्याला जागा हवी असते आणि घरात रिकामी जागा नसते. वन-बीएचकेमध्ये तर अक्षरशः नसते.

जपानमध्ये या प्रकाराला वैद्यकीय नावच मिळाले. नोबुओ कुरोकावा या डॉक्टरांनी १९९१ साली ‘निवृत्त पतीमुळे होणारा ताण’ अशा अर्थाचे निदान मांडले. नवरा निवृत्त झाल्यावर बायकांना अंगावर पुरळ, पोटाचे विकार, उदासी अशा तक्रारी सुरू होतात, असे त्यांचे निरीक्षण होते. तिकडच्या बोलीत घरी बसलेल्या नवऱ्याला ‘ओले गळके पान’ म्हणतात. झाडले तरी चिकटूनच राहते! आपल्याकडे असा शब्द नाही, पण ‘दिवसभर पायात पायात येतात हो’ हे वाक्य प्रत्येक भजनी मंडळात ऐकायला मिळते.

या चेष्टेखाली एक न विनोदी हिशोब आहे. केंद्राच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. शिवाय अशी कामे करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच २६.१ टक्के होते, स्त्रियांचे ८१.२ टक्के. म्हणजे नवऱ्याची निवृत्ती ठरलेल्या तारखेला होते, बायकोची होतच नाही. उलट दुपारचे एक गरम जेवण आणि दोन चहा वाढतात. ‘आता तुम्ही मोकळे आहात, निदान भाजी तरी निवडा’ ही कुरकुर म्हणजे तिला मदतनीस हवा आहे, पर्यवेक्षक नको, एवढेच. ज्या घरांत नवऱ्याने भाजी आणणे, कुकर लावणे, रात्रीची ओट्याची आवराआवर असे एखादे काम संपूर्ण स्वतःकडे घेतले, तिथे ठिणग्या लवकर विझतात. अट एकच. ते काम त्याच्या पद्धतीने झालेले तिने चालवून घ्यायला हवे. हेही सोपे नसते.

‘तुम्हाला हवे तेवढेच ऐकू येते’ हा आरोप खरा आहे का?

काही अंशी खरा आहे, पण कारण स्वभावात नसून कानात आहे. या वयातल्या वादांचे हे कारण सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीपुढच्या २५ टक्क्यांहून अधिक लोकांना रोजच्या जगण्यात अडथळा येईल इतका कमी ऐकू येण्याचा त्रास असतो. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स्वर खालच्या पट्टीतले आणि ठळक असतात, ते ऐकू येतात. स, श, त, थ, फ यांसारखी व्यंजने बारीक असतात, ती निसटतात. त्यामुळे कोणीतरी बोलले हे कळते, काय बोलले ते कळत नाही. ‘ताट’, ‘पाट’ आणि ‘काठ’ एकसारखेच वाटू लागतात. बायकांचा आवाज मुळात उंच पट्टीतला आणि पुरुषांचे कान बहुधा आधी मंदावणारे. म्हणून मित्राचा फोन नीट ऐकू येतो आणि बायकोचे बोलणे येत नाही, असा संशयास्पद प्रकार घडतो.

समोरासमोर, शांत खोलीत सगळे समजते. आतून, मिक्सर चालू असताना, टीव्हीवर बातम्या लागलेल्या असताना समजत नाही. ती म्हणते, ‘मुद्दाम करतात.’ मग ती आवाज चढवते. चढलेल्या आवाजातले शब्द त्याला तरीही स्पष्ट येत नाहीत, राग मात्र स्पष्ट पोहोचतो. तो म्हणतो, ‘ओरडतेस कशाला?’ आणि मूळ प्रश्न, म्हणजे भात लावू की पोळ्या पुरतील, तसाच राहतो.

चष्मा लागला तर कोणी लाजत नाही, कानाच्या यंत्राला मात्र माणूस ‘मी काय म्हातारा झालोय?’ म्हणून चार-पाच वर्षे सहज टाळतो. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागांत श्रवण तपासणी होते. यंत्र बसवल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजही त्रासदायक वाटतो आणि बरेच जण तिथेच ते कपाटात ठेवून देतात. यंत्र पुन्हा जुळवून घ्यावे लागते, सवय व्हायला वेळ द्यावा लागतो. तोवर एक बिनखर्चाचा उपाय म्हणजे दुसऱ्या खोलीतून बोलायचे नाही.

इतक्या वर्षांनी एकमेकांच्या मनातले न बोलता कळते ना?

कळते, असे वाटते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात २४ विवाहित जोडप्यांना पाठमोरे बसवून दुहेरी अर्थाची वाक्ये ऐकवली आणि बोलणाऱ्याला काय म्हणायचे आहे ते ओळखायला सांगितले. जोडीदाराचे बोलणे अनोळखी माणसाच्या बोलण्यापेक्षा फारसे जास्त कळले नाही. मात्र आपले म्हणणे जोडीदाराला नक्की कळले आहे, ही खात्री प्रत्यक्षापेक्षा बरीच जास्त होती. परक्याशी आपण नीट स्पष्ट करून बोलतो. घरच्या माणसाशी अर्धेच बोलतो. ‘ते तिकडचं जरा बघा’ असे म्हटल्यावर ‘ते’ म्हणजे गॅसचे पुस्तक की दाराची कडी, हे न कळणे हा गुन्हा ठरतो.

दुसरीकडे, दोघांची मिळून एक स्मरणशक्ती तयार होते हे खरे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी ऐंशीच्या दशकात ही कल्पना मांडली. जोडप्यात आठवणींची वाटणी होते. नात्यातल्या तिथी, कोणाला काय आहेर केला, कोणती गोळी जेवणाआधी, हे तिच्याकडे. पासबुक, विम्याचे हप्ते, सोसायटीचे कागद त्याच्याकडे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी वयस्कर जोडप्यांना एकत्र बसवून जुने आठवायला सांगितले, तेव्हा एकमेकांना धागा देणाऱ्या जोडप्यांना जास्त आठवले. सतत चूक काढणाऱ्यांना तितके आठवले नाही. ‘मंगळवार नव्हता, बुधवार होता’ यावर प्रवासवर्णन थांबवणाऱ्या मंडळींनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

या वाटणीतला धोका दोघांपैकी एक गेल्यावर समजतो. आपल्याकडे नवरा बहुधा वयाने मोठा आणि स्त्रियांचे आयुर्मान जास्त, त्यामुळे मागे राहणारी व्यक्ती बहुतेक वेळा बायको असते. दुःखाच्या त्या दिवसांत तिला कुटुंब निवृत्तीवेतनाचा आदेश कुठे आहे, लॉकरची किल्ली कोणती, नामनिर्देशन कोणाचे, हे माहीत नसते. आणि तो मागे राहिला तर त्याला स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीचे नाव सांगता येत नाही. ‘बसा जरा, कागद दाखवा मला’ हा तिचा आग्रह अभद्र म्हणून झटकला जातो. खरे तर एका रविवारी दोघांनी मिळून करण्याजोगे हे काम आहे.

माया दिसते कुठे?

या पिढीच्या मराठी घरात ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असे म्हणण्याची रीत नव्हती. नाव घ्यायचे ते उखाण्यात. एरवी ‘अहो’ आणि ‘अगं’. रागावल्यावर तेही नाही, मग मुलाला मध्ये घालून ‘सांग तुझ्या बाबांना’. त्यामुळे आपुलकी कामांत लपलेली असते. आठवड्याच्या गोळ्या सात खणांच्या डबीत भरून ठेवणे, मधुमेह असलेल्या नवऱ्यापासून पेढ्याचा पुडा लपवणे, आणि अर्धा पेढा मात्र आपणच देणे.

लेकीच्या बाळंतपणासाठी आई सहा महिने अमेरिकेत जाते, तेव्हा हे उघडे पडते. रोजच्या व्हिडिओ कॉलवर पहिली दहा मिनिटे ज्वारीच्या पिठाचा डबा, पाण्याची मोटर आणि ‘तो कोणता शर्ट घातलाय, इस्त्री नाही का?’ यात जातात. नातीला बघायचे राहूनच जाते. फोन ठेवताना दोघेही म्हणतात, ‘बरं, ठेवते’, ‘ठेव’ आणि कोणीच ठेवत नाही.

मराठीत अशा संसाराचा सर्वांत जिवंत दस्तऐवज लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. रेव्हरंड नारायण वामन टिळक तापट, लहरी, हात सैल सोडून देणारे. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि दोघांची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे ती पुन्हा एकत्र आली. १९१९ मध्ये टिळक गेले, त्यानंतर लिहिलेल्या या आठवणींत लक्ष्मीबाई नवऱ्याच्या आणि स्वतःच्याही खोड्या सारख्याच मोकळेपणाने सांगतात. ज्याच्याशी भांडायचे तो माणूस आता नाही, हे त्या हसण्यामागे सतत जाणवते. पुढे १९९० साली आलेल्या सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’ने दुसरी बाजू दाखवली. लाडक्या माणसाबरोबरच्या चांगल्या संसारातही बाईच्या वहीत शिल्लक बाकी असू शकते. तेव्हा त्यावर बराच गहजब झाला. आज तेच पुस्तक वाचून अनेक जणी मान डोलावतात.

कुरबुर कुठे संपते आणि त्रास कुठे सुरू होतो?

पहिली खूण भीती. एकजण दुसऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकून गप्प होत असेल, पैशांसाठी हात पसरावा लागत असेल, अंगावर हात उगारला जात असेल तर त्याला ‘त्यांचे आधीपासून असेच आहे’ म्हणून सोडून देता येत नाही. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा वयाची अट घालत नाही. सत्तरीतली स्त्रीही त्याखाली दाद मागू शकते. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि महिलांसाठी १८१ या मदतवाहिन्या आहेत.

दुसरी खूण अचानक बदल. जन्मभर शांत असलेला माणूस एकाएकी चिडचिडा झाला, ‘तूच माझे पैसे चोरलेस’ म्हणू लागला, तोच प्रश्न तासात पाचदा विचारू लागला, तर ते भांडण समजू नये. स्मृतिभ्रंश, नैराश्य, कधी औषधांचा परिणाम, यांची सुरुवात अशी होऊ शकते. डॉक्टरांकडे जाण्याआधी घरात वर्ष-दोन वर्षे केवळ ‘स्वभाव बिघडला’ म्हणून वाया जातात.

तिसरी म्हणजे शांतता. भांडणारे जोडपे निदान एकमेकांकडे बघत असते. एकाच घरात वेगळ्या वेळी जेवणारी, महिनोन्महिने न बोलणारी जोडपी बाहेरून फार समजूतदार दिसतात.

वेगळे व्हायचे म्हटले तरी या वयात कायदा आणि मन दोन्ही अडखळतात. १० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८९ वर्षांच्या पतीची घटस्फोटाची मागणी फेटाळली. लग्न १९६३ चे, कोर्टातला वाद नव्वदच्या दशकापासूनचा. घटस्फोटिता हा शिक्का घेऊन मरायचे नाही, असे ८२ वर्षांच्या पत्नीचे म्हणणे होते आणि न्यायालयाने तिच्या भावनेला महत्त्व दिले. मोडलेले लग्न कागदावर जिवंत ठेवण्यात काय अर्थ, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. तो चूक नव्हता. पण साठ वर्षे जिच्या नावामागे एक नाव लागले, तिला त्याचा काय अर्थ वाटतो हे बाहेरून ठरवणेही कठीण.

मुलांनी मध्ये पडावे का?

वरच्या तीन खुणा दिसल्या तर नक्कीच, आणि लवकर. एरवी न्यायाधीश होऊ नये. आईचे ऐकून घेऊन मुलाने बाबांना फोनवर चार शब्द सुनावले, तर संध्याकाळी आईचाच फोन येतो, ‘एवढं बोलायची काय गरज होती त्यांना? दुपारपासून जेवले नाहीत नीट.’